घरच्या कारखान्यासाठी कंप्रेसर : टाकी पाहून नव्हे, काम पाहून घ्या

देगलूर हे तीन राज्यांच्या सांध्यावरचे गाव. एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला कर्नाटक आणि गावाला लागून नांदेडहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. अशा गावात मोठे कारखाने नसले तरी लहान कारागीर भरपूर असतात. कोणी घराच्या पुढच्या खोलीत सोफे भरतो, कोणी अंगणात पत्रे टाकून लाकडी कपाटांना पॉलिश करतो, कोणी चार शिलाई मशीन मांडून शाळेचे गणवेश शिवतो, कोणी रस्त्यालगत पंक्चरचे दुकान चालवतो. आमचा धंदा कापडाचा. सोफ्याचे कापड, रेक्झिन, पडदे, अस्तर हे सारे या कारागिरांनाच आम्ही विकतो. त्यामुळे आमच्या गादीवर कापडाच्या भावाइतकीच चर्चा यंत्रांचीही होते. अलीकडे या चर्चेत एक यंत्र वारंवार येते. ते म्हणजे एअर कंप्रेसर, आमच्या भागातल्या भाषेत ‘हवेची मशीन’.

या मशीनची चौकशी करणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. टाकी किती लिटरची? आणि मोटर किती हॉर्सपॉवरची? दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या नंबरचे आहेत. पहिला प्रश्न असा हवा : माझ्या हत्याराला मिनिटाला किती हवा लागते, ती कोणत्या दाबावर लागते, आणि ही मशीन तेवढी हवा खरोखर देते का? लहान कारागिरासाठी कंप्रेसर ही वर्षभराच्या बचतीची खरेदी असते. मशीन कमी पडली तर काम अडते. गरजेपेक्षा मोठी घेतली तर भांडवल अडकते आणि घरची वीज साथ देत नाही. म्हणून खरेदीपूर्वी थोडा हिशेब करणे अत्यंत जरुरीचे आहे. तो हिशेब अवघड नाही. चौथी-पाचवीचा गुणाकार-भागाकार येणाऱ्याला तो जमतो.

भात्यापासून कंप्रेसरपर्यंत

कंप्रेसर म्हणजे लोहाराच्या भात्याचाच वंशज. भाता हवा ढकलतो, कंप्रेसर ती दाबून साठवतो. सिलिंडरमध्ये पिस्टन खाली येतो तेव्हा बाहेरची हवा आत येते, वर जातो तेव्हा ती दाबली जाऊन टाकीत जाते. टाकी ठरावीक दाबाला भरली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो आणि दाब उतरला की पुन्हा सुरू करतो. एकोणिसाव्या शतकात आल्प्स पर्वतातून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा मों सेनी बोगदा खोदताना दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे वापरली गेली. १८५७ साली सुरू झालेला तो बोगदा १८७१ साली खुला झाला आणि हवेच्या जोरावर यंत्रे चालू शकतात हे साऱ्या जगाने पाहिले. आपल्या देशात पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ साली आणि कोइमतूरची एल्जी इक्विपमेंट्स १९६० साली उभी राहिली. कोइमतूर आणि अहमदाबाद या शहरांतून आज लहानमोठे कंप्रेसर देशभर जातात.

कापडाच्या धंद्यालाही हवा परकी नाही. इचलकरंजी आणि भिवंडीकडे चालणाऱ्या एअरजेट मागात धोटा नसतो. ताण्यामधून बाण्याचा धागा हवेच्या झोताने पलीकडे फेकला जातो. अशा मागांच्या मालकाला विचारा, तो सांगेल की हवा फुकट असते ती फक्त बाहेरची. दाबलेल्या हवेला विजेचे बिल लागते. घरच्या लहान कारखान्यालाही हाच नियम लागू आहे.

विहीर आणि रांजण

हवेच्या मापाला सीएफएम म्हणतात. याचा अर्थ मिनिटाला किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. दाब मोजण्याची आपल्याकडे दोन मापे चालतात. पंक्चरवाले ‘पौंड’ म्हणतात, मशीनच्या घड्याळावर ‘किलो’ लिहिलेले असते. ७ किलो दाब म्हणजे साधारण १०० पौंड.

आता टाकीचे काम समजून घेऊ. सिलिंडर आणि पिस्टनचे डोके ही विहीर, टाकी हा रांजण. विहिरीला झरा कमी असेल तर रांजण कितीही मोठा असला तरी दुपारपर्यंत कोरडा पडतो. हेच आकड्यांत पाहा. टाकी ५० लिटरची आहे. दाब ८ किलोवरून ६ किलोवर उतरेपर्यंत तिच्यातून किती हवा निघते? दाब उतरला २ किलो, टाकी ५० लिटरची, म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशेबाने १०० लिटर. रंगाच्या साध्या स्प्रे गनला ६ सीएफएम, म्हणजे मिनिटाला १७० लिटर हवा लागते असे धरले तर ही शिल्लक पस्तीस सेकंदांत संपते. पुढचे सारे काम मशीनच्या डोक्यातून त्या वेळी निघणाऱ्या हवेवरच चालते. टाकी मोठी घेतल्याने मोटर वारंवार सुरू-बंद होत नाही, हवा थंड होते, पाणी खाली बसते. हे फायदे खरे आहेत. पण टाकी हवा तयार करीत नाही.

हॉर्सपॉवरचेही तसेच. चांगल्या पिस्टन कंप्रेसरकडून एका हॉर्सपॉवरमागे ७ किलो दाबावर तीन ते चार सीएफएम हवा मिळते. स्वस्त लहान मशीन तेवढीही देत नाही. शिवाय माहितीपत्रकात बहुधा ‘डिस्प्लेसमेंट’ छापलेले असते. पिस्टनने किती जागा व्यापली याचा तो आकडा. प्रत्यक्ष नळीतून मिळणारी हवा लहान मशीनमध्ये त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असते. कागदावरची १२ सीएफएम हातात येईपर्यंत ८ होते. प्रत्यक्ष हवेच्या आकड्याला ‘एफएडी’ म्हणतात. दुकानदाराला तोच आकडा विचारावा आणि तो कोणत्या दाबावरचा आहे हेही विचारावे.

कोणत्या कामाला किती हवा

सोफेवाला : हवेच्या स्टेपलरला दाब लागतो, पण हवा फार थोडी लागते. एका ठोक्याला साधारण एक लिटर. मिनिटाला तीस ठोके मारले तरी एक सीएफएमच्या आसपासच खर्च येतो. म्हणून सोफा, गादीचा कडा, खुर्चीचे रेक्झिन एवढेच काम असेल तर १ हॉर्सपॉवरची, २५ ते ५० लिटर टाकीची मशीन पुरते. लहान खिळे मारणाऱ्या सुताराचाही हिशेब असाच. येथे ३ हॉर्सपॉवरची मशीन घेणे म्हणजे एक गज कापडासाठी पूर्ण ठाण उचलण्यासारखे आहे.

रंग आणि पॉलिशवाला : येथे खरी हवा लागते. वर कप असलेली साधी गन ५ ते ८ सीएफएम घेते. एचव्हीएलपी नावाची, रंग कमी उडवणारी गन १० सीएफएमच्या वर जाऊ शकते. गनच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचावा. पिस्टन मशीन सतत चालवू नये, तिला मधूनमधून विश्रांती हवी. म्हणून गनच्या गरजेपेक्षा निदान चाळीस टक्के जास्त हवा देणारी मशीन धरावी. ६ सीएफएमच्या गनला ८ ते ९ सीएफएम देणारी मशीन, म्हणजे साधारण ३ हॉर्सपॉवर. हवेवर चालणारे घासकाम यंत्र याहून भुकेले असते, त्याला १० ते १२ सीएफएम लागते. घरच्या कारखान्यात घासण्यासाठी विजेवर चालणारे सँडर घेतलेले स्वस्त पडते.

पंक्चरवाला आणि गॅरेजवाला : दुचाकीच्या टायरला २५ ते ३५ पौंड हवा लागते, हे काम लहान मशीनही करते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दाब कमी लागतो, पण त्याचे पोट मोठे, म्हणून वेळ लागतो. महामार्गावरच्या ट्रकचे टायर मात्र १०० पौंडांच्या वर जातात. तेथे एका टप्प्याची ८ किलोची मशीन शेवटी दम तोडते. ट्रकचे गिऱ्हाईक धरायचे असेल तर दोन टप्प्यांत हवा दाबणारी, १० ते १२ किलो दाबाची मशीन लागते. फक्त दुचाकीचे काम असताना ती घेऊ नये.

शिलाईवाले : चार-सहा मशीनवरचा, विशेषतः ओव्हरलॉकचा कापूस उडवण्यासाठी कंप्रेसर घ्यावा का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. फक्त सफाईसाठी नको. विजेवर चालणारा हातातला ब्लोअर किंवा साधा ब्रश यांनी ते काम होते. हवेवर चालणारे बटन प्रेस किंवा तशी दुसरी यंत्रे असतील तरच कंप्रेसरचा विचार करावा.

घड्याळाची परीक्षा

माहितीपत्रकावर भरवसा नको असेल तर मनगटावरचे घड्याळ पुरेसे आहे. दुकानात मशीन चालवून दाखवा म्हणावे. टाकी पूर्ण रिकामी करावी, म्हणजे काटा शून्यावर येईल. बाहेर जाण्याचा नळ बंद करावा आणि मशीन सुरू करून काटा ७ किलोवर येईपर्यंत वेळ मोजावा. टाकी १०० लिटरची असेल तर सातशे लिटर हवा आत गेली. चार मिनिटे लागली असतील तर मिनिटाला १७५ लिटर. त्याला २८.३ ने भागले की सहा सीएफएमपेक्षा थोडे जास्त येते. ही झाली त्या मशीनची खरी कमाई.

याहून चोख परीक्षा हवी असेल तर काटा ५ वरून ७ वर जाण्याचा वेळ मोजावा, कारण कामाचा दाब तोच असतो. १०० लिटरच्या टाकीत तेवढ्यात दोनशे लिटर हवा जाते. ७५ सेकंद लागले तर मिनिटाला १६० लिटर, म्हणजे साडेपाच सीएफएमच्या थोडे वर. मग मशीन बंद करून दहा मिनिटे काट्याकडे पाहावे. काटा खाली येत असेल तर कोठेतरी गळती आहे. टाकी गरम असताना काटा किंचित उतरणे स्वाभाविक आहे, पण सतत उतरत राहणे स्वाभाविक नाही. मोटर थांबताक्षणी ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. डोक्यात अडकलेली हवा सुटल्याचा तो आवाज असतो. तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागेल आणि ती लवकर जळेल.

कोणताही प्रामाणिक दुकानदार ही परीक्षा नाकारणार नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक कापड उजेडात नेऊन पाहतो, ताणून पाहतो. यंत्राच्या बाबतीतही तोच हक्क बजावावा.

घरची वीज काय म्हणते?

कंप्रेसर घेण्यापूर्वी मीटरकडे पाहावे. २ हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ९ ते १० अँपिअर घेते, ३ हॉर्सपॉवरची १४ ते १५. सुरू होण्याच्या क्षणी हाच आकडा कित्येक पट होतो. त्या क्षणी घरातले दिवे मंद होतात ते याच कारणाने. मंजूर भार कमी असेल तर तो आधी वाढवून घ्यावा. ३ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठी मशीन असेल तर थ्री फेज जोडणीच बरी.

उन्हाळ्याच्या संध्याकाळी आपल्या भागात व्होल्टेज उतरते तेव्हा मोटर गुणगुणते पण फिरत नाही. त्याचे कारण असे की मोटरची उचल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर उचल शंभराऐवजी एकसष्ट उरते. अशा वेळी बटण दाबत राहू नये. कॅपॅसिटर आणि वाइंडिंग दोन्ही जातात. ओव्हरलोड संरक्षण असलेला स्टार्टर बसवावा. त्याची किंमत वाइंडिंगच्या खर्चापुढे काहीच नाही.

एक छोटी सूचना. मशीन लांब ठेवायची असेल तर विजेची वायर लांब करू नये, हवेची नळी लांब करावी. लांब आणि बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडते आणि मोटर तापते. एक्स्टेन्शन बोर्डावर कंप्रेसर चालवणे तर आग ओढवून घेणे आहे. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि अर्थिंग तपासावे.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. घरगुती मीटरवर धंदा चालवण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात आपल्या कामाला कोणता दर लागू होतो ते विचारून घ्यावे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, जोडणी ज्या कामासाठी मंजूर झाली त्याखेरीज दुसऱ्या कामासाठी वीज वापरली तर दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. वर्षभराचा नफा एका बिलात जाण्यापेक्षा एक अर्ज केलेला बरा.

तेल, पाणी आणि कापड

मशीनचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक तेलाची, दुसरी बिनतेलाची. तेलाच्या मशीनमध्ये पट्ट्यावर चालणारी, बिडाच्या डोक्याची मशीन संथ फिरते, कमी तापते, जास्त वर्षे टिकते आणि तिचे रिंग, व्हॉल्व्ह आपल्याकडचा मिस्त्रीही बदलू शकतो. मोटरला थेट जोडलेली मशीन जोरात फिरते, आवाज जास्त करते, पण हलकी आणि स्वस्त असते. बिनतेलाच्या मशीनला देखभाल कमी, पण बहुतेक लहान मशीनचे डोके झिजले की ते बदलावेच लागते.

रोज सहा-आठ तास काम असेल तर पट्ट्याची तेलाची मशीन घ्यावी. पण जेथे कापडाशी संबंध येतो तेथे आम्ही कापडवाले सावधगिरीचा इशारा देऊ. तेलाच्या मशीनमधून हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण येतात. ते फिकट रंगाच्या सोफा-कापडावर, लग्नाच्या शेरवानीवर किंवा रेशमी अस्तरावर पडले की डाग बसतो आणि तो डाग पाण्याने निघत नाही. रंगाच्या कामात याच तेलामुळे पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. म्हणून कापडाच्या आणि रंगाच्या कामात नळीच्या वाटेवर फिल्टर आणि दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर बसवलाच पाहिजे. सोफेवाल्याने सुरुवातीचे चार ठोके चिंधीवर मारून पाहावेत.

तेलापेक्षाही जास्त त्रास पाण्याचा. पावसाळ्यात ३० अंश उष्णता आणि ८० टक्के दमटपणा असताना एक घनमीटर हवेत सुमारे चोवीस ग्रॅम पाणी असते. ६ सीएफएमची मशीन तासाभरात दहा घनमीटर हवा ओढते. म्हणजे तासाला पाव लिटरच्या आसपास पाणी हवेबरोबर आत जाते आणि हवा दाबून थंड झाली की त्यातले बरेचसे टाकीच्या तळाशी साचते. म्हणून रोज काम संपल्यावर तळाचा नळ उघडून पाणी काढावे. हे दोन मिनिटांचे काम आहे, पण मशीनचे आयुष्य त्यावर अवलंबून आहे. तेल कंप्रेसरचेच घालावे, मोटारसायकलचे उरलेले नको. नव्या मशीनचे पहिले तेल पुस्तिकेत लिहिलेल्या तासांनंतर न चुकता बदलावे. हवेचा फिल्टर आठवड्याला झाडावा. आपल्याकडची धूळ आणि कापसाचा तंतू तो लवकर बुजवतात.

गळतीही लहान समजू नये. ७ किलो दाबावर एक मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला जवळजवळ साठ लिटर हवा निघून जाते. ती झाली दोन सीएफएम, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची मेहनत. साबणाचे पाणी सांध्यांना लावून बुडबुडे पाहिले की छिद्र सापडते.

जिवाची जोखीम

कंप्रेसरची टाकी ही गंजणारी वस्तू आहे, आणि ती आतून गंजते. बाहेर रंग चकचकीत असतो, आत पत्रा कागद झालेला असतो. अशी टाकी फुटते तेव्हा ती पंक्चरसारखी हवा सोडत नाही, तिचे तुकडे होतात. म्हणून जुनी मशीन घेताना फार डोळसपणा हवा. टाकीवर निर्मात्याची पाटी, कामाचा दाब आणि चाचणीचा दाब लिहिलेला असावा. पाटी नसलेली टाकी घेऊ नये. तळाचा नळ उघडून पाहावा. लाल-तपकिरी गढूळ पाणी किंवा गंजाची खपली निघाली तर सौदा तेथेच सोडावा. टाकीवर वेल्डिंगचे ठिगळ असेल तर किंमत कितीही कमी असो, नको म्हणावे. जुन्या टाकीची पाणी भरून दाबाची चाचणी करून घेता येते. ती कामाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबावर करतात. पाणी दाबले जात नाही, म्हणून टाकी फाटली तरी तुकडे उडत नाहीत. हवेने अशी चाचणी कधीही करू नये. स्वयंपाकाच्या गॅसचा जुना सिलिंडर हवेची टाकी म्हणून वापरण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून ठेवणे, हवा जास्त मिळावी म्हणून प्रेशर स्विचचा स्क्रू पिळणे, पट्ट्यावरची जाळी काढून टाकणे, या तीन सवयी घातक आहेत. घरच्या कारखान्यात लहान मुले वावरतात. पट्ट्यात ओढणी किंवा बोट जायला क्षण पुरतो.

दिवसाच्या शेवटी अंगावरचा भुसा हवेने झाडण्याची सवय सर्वत्र दिसते. दाबलेली हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते, डोळा आणि कान कायमचे निकामी करू शकते. अमेरिकेतील कामगार सुरक्षेच्या नियमात सफाईच्या हवेचा दाब ३० पौंडांच्या आत ठेवण्याची अट आहे ती याचसाठी. थट्टेत दुसऱ्याच्या अंगावर नळी धरणाऱ्या पोराला तर लगेच रोखावे. अशा थट्टेत माणसे दगावली आहेत.

रंगवाल्यांसाठी दोन शब्द जास्त. हार्डनर मिसळलेल्या पीयू रंगात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो आणि एकदा जडला की तो धंदाच सोडावा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवीत नाही. त्यासाठी योग्य मास्क आणि मोकळी हवा लागते. थिनरची वाफ पेट घेते आणि प्रेशर स्विचमध्ये ठिणगी उडते, म्हणून मशीन रंगाच्या खोलीत ठेवू नये.

नांदेड की हैदराबाद?

देगलूरच्या गिऱ्हाइकाला दोन बाजार खुले आहेत. नांदेड जवळ आहे आणि हैदराबाद-सिकंदराबादचा राणीगंज बाजार मोठा आहे. मोठ्या बाजारात प्रकार जास्त आणि घासाघीस जास्त. पण किंमत ठरवताना भाडे, एक दिवसाची मजुरी आणि बिघाड झाला तर मशीन परत नेण्याचा खर्च धरावा. व्हॉल्व्ह प्लेट, रिंग, पट्टा, प्रेशर स्विच हे भाग नांदेडात मिळतात का, हे खरेदीपूर्वी फोनवर विचारावे. ज्या मशीनचा भाग मिळत नाही ती स्वस्त मशीन महाग पडते.

बिल पक्के घ्यावे. कंप्रेसरवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो वजा मिळू शकतो, कंपोझिशनवाल्याला नाही. दुसऱ्या राज्यातून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल आणताना ई-वे बिल लागते. बिल नसलेली मशीन वाटेत अडते आणि तिला वॉरंटीही राहत नाही.

मदतीच्या योजनाही माहीत असाव्यात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात सुतार आणि शिंपी आहेत. प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांसह विशेष गटातील अर्जदाराला नव्या उद्योगासाठी शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचे नियम कार्यालयातून समजून घ्यावेत. मशीन आधी उचलून मग अनुदानाच्या मागे धावू नये.

घ्यावी की न घ्यावी?

मशीनचे भाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही, ते हंगामागणिक बदलतात. हिशेबाची रीत मात्र बदलत नाही. समजा मशीन ३०,००० रुपयांची आहे आणि पाच वर्षे चालेल. महिन्याला ५०० रुपये झाले. वीज, तेल, पट्टा, दुरुस्ती यांचे आणखी ५०० धरले तर महिन्याला १,००० रुपये. या मशीनमुळे महिन्याला हजारापेक्षा स्पष्टपणे जास्त काम सुटत असेल तरच ती घ्यावी. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये. महिन्यातून दोनदा कपाट रंगवणाऱ्याने मशीन भाड्याने आणावी.

आणि एका गल्लीत तीन लहान मशीन असण्यापेक्षा तिघांत मिळून एक चांगली असणे बरे. सोफेवाल्याला हवा थोडी लागते पण दिवसभर लागते, पॉलिशवाल्याला भरपूर लागते पण मोजके तास. कोणाचे तास कोणते, तेल कोण बदलणार, पाणी कोण काढणार, दुरुस्तीचा वाटा किती, हे पहिल्या दिवशीच वहीत लिहून तिघांनी सह्या करावेत. भागीदारी मोडते ती बहुधा यंत्रामुळे नव्हे, न लिहिलेल्या हिशेबामुळे. ती वही मशीनशेजारीच खिळ्याला टांगून ठेवावी.